चेहऱ्याजवळचा रंग

उरण नाक्याजवळच्या ‘कृष्णा मॅचिंग सेंटर’मध्ये पाच महिन्यांपासून हिरवा रंग मिळत नव्हता.

दुकान रुंदीला दोन माणसांपुरतं आणि लांबीला गल्लीएवढं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर ब्लाउजच्या टू बाय टू रुबियाचे, पॉपलिनचे, जॉर्जेटचे तागे उभे लावलेले. लाल संपला की गाजरी, गाजरी संपला की अबोली, असं करत करत नजर एकेक पायरी उतरावी तशी मांडणी. ही मांडणी कृष्णाबाईंची. सव्वीस वर्षांत तिच्यात एक तागा इकडचा तिकडे झाला नव्हता. आता मात्र मोरपंखी आणि लिंबू यांच्या मधल्या दोन फळ्यांवर पांढरं अस्तर कोंबलेलं होतं, आणि एखाद्या बाईने हिरवा मागितला की कृष्णाबाईंची मुलगी कीर्ती म्हणायची, “माल यायचाय. समोर बघता का?”

माल कुठूनही यायचा नव्हता. पोपटी, पिस्ता, मेहंदी, बॉटल ग्रीन असे सगळे मिळून एकोणीस तागे सगळ्यात वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून पडले होते. आईचं तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी कीर्तीनेच स्टुलावर चढून ते तिथे ठेवले होते. तिचे वडील तुळशीराम बाहेर पायरीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते बघत होते. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेला माणूस. लाल आणि निळ्यापलीकडचे रंग त्यांना ठाऊक नव्हते आणि त्याबद्दल बायकोकडून रोज टोमणे खायची त्यांना सवय होती.

कीर्ती नवीन पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी ती दुकान बघायची, बाकीचे दिवस ते बंद असायचं. पुस्तकं कशी लावायची हे तिला येत होतं, रंग लावणं ती आईच्या हाताखाली वाढताना नुसतं बघत आली होती. आई रुबियाला कडेला कात्रीने एक चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायची. कापड धाग्याला धागा धरून सरळ फाटायचं. कीर्तीला ते धाडस नव्हतं. ती पट्टी धरून, रेघ मारून, कात्रीने कापायची. गिऱ्हाइकं घड्याळ बघायची.

कृष्णाबाई मूळच्या गव्हाणच्या. शिक्षण सातवी, आणि बोलणं शेवटपर्यंत गावचं. रंगाने लख्ख गोऱ्या. “नाव कृष्णा आणि रंग असा, घरच्यांनी काय डोळे मिटून नाव ठेवलं?” असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: “जन्मले तवा लाईट गेलेली.”

पण गोरेपणाचं कौतुक त्यांना कधीच नव्हतं. गोऱ्या मुलीला घेऊन आलेली आई काउंटरवर टेकून सांगायची, हिला काय, काहीही शोभतं. मग कृष्णाबाई चष्मा कपाळावर सरकवायच्या.

“कोन म्हनतं? काल्या-सावल्या पोरीला रंग सांभाळून घेतो. गोऱ्या पोरीला रंग खातो. घ्या, हा बदामी लावा तिच्या गल्याशी. आता सांगा, पोरगी कुठं हाय? गेली ना? नुसते डोले राहिले.”

त्यांच्या लेखी गोरेपणाच्या तीन जाती होत्या. दुधी, गुलाबी आणि हळदी. दुधी गोरीला बदामी, मोतिया, फिकट गुलाबी यांपासून चार हात लांब ठेवायचं. तिला डाळिंबी द्यायचा, वांगी द्यायचा. गुलाबी गोरीला तांबूस रंग दिला की ती तापलेली दिसते. तिला राणी, चिंतामणी, गर्द हिरवा. हळदी गोरीला गाजरी चालतो, मोरपंखी तर फारच चालतो, पण लिंबू आणि पोपटी देणं म्हणजे तिला आजारी पाडणं. त्या स्वतः हळदी गोऱ्या होत्या. कीर्तीही तशीच.

जात ओळखायची ती दुकानात नाही. गिऱ्हाइकाला हाताला धरून पायरीवर आणायचं, बोर्डाची सावली जिथे संपते त्याच्या अलीकडे उभं करायचं. “ऊन नको, उजेड पायजे. लाईटीत सगल्याच रंभा दिसतात.” मग मनगट उलटं करून आतली शीर बघायची. तागा हनुवटीखाली धरायचा आणि दोन पावलं मागे यायचं. कापडाकडे बघायचं नाही. आधी रंग दिसला तर तो चुकला, आधी बाई दिसली तर तो तिचा. आणि अंगावर काय वाटेल ते असू दे, पायाशी तर काहीही असू दे, चेहऱ्याजवळचा रंग तेवढा नीट पाहिजे.

हे सगळं कीर्तीला पाठ होतं. म्हणूनच ते हिरवे तागे तिला समोर नको होते.

शेवटच्या तीन महिन्यांत काविळीने कृष्णाबाईंचा रंग पिवळा पडत गेला होता. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “तब्येत नाही हो दिसत, उलट जास्त गोऱ्या झाल्यात.” हॉस्पिटलच्या फिकट हिरव्या गाऊनकडे बोट दाखवून कृष्णाबाई कीर्तीला म्हणाल्या होत्या, “यांना कोनीतरी सांग, या रंगात धडधाकट मानूस पन पेशंट दिसंल.” त्यानंतर आठ दिवसांनी, पहाटे, त्या गेल्या.

सवाष्ण गेली होती. आत्या म्हणाली, हिरवी साडी आणा, हिरवा चुडा आणा. सकाळी आठ वाजता कीर्ती चपला न बदलता बाजारात गेली. एका दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आत झाडू मारणं चाललं होतं. ट्यूबलाइटखाली तिने एक हिरवी साडी उचलली. गर्द दिसली. घेतली. बाहेर आणून बघितली नाही. ज्या मुलीने बोलायला लागल्यापासून ‘उजेडात बघ’ ऐकलं होतं, तिने आयुष्यातली एकच खरेदी लाईटीत केली.

अंगणात नेसवल्यावर ती पोपटी निघाली. आजूबाजूच्या सगळ्या म्हणत होत्या, काय तेज आहे, झोपल्यासारखी दिसतेय. कीर्तीला एवढंच दिसत होतं की आईचा आधीच पिवळा चेहरा त्या रंगात आणखी पिवळा झालाय, हनुवटीखाली तर हिरवट. बदलायला वेळ नव्हता, आणि कोणाला सांगणार? असल्या वेळी रंगाचं काय घेऊन बसलीस, असं कुणीही म्हटलं असतं. ती आत गेली आणि स्वयंपाकघरातल्या कट्ट्याला धरून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा उचललं होतं.

ती मोठी वाचणारी होती. दुःखावर शहाण्या माणसांनी काय काय लिहून ठेवलंय ते तिने या पाच महिन्यांत पुन्हा काढून वाचलं. त्यात साडीचा रंग चुकल्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला साबिरा आली, सोबत तिची मुलगी हिबा. साबिराचं घर मागच्या मोहल्ल्यात. नवरा वीस वर्षं कतारला होता, तेव्हा दुपारच्या रिकाम्या वेळी ती या दुकानात येऊन बसायची, फॉल लावून द्यायची, आणि कृष्णाबाईंशी भांडायची. हिबाचा निकाह पुढच्या महिन्यात होता.

“सलाम तुळशीरामभाऊ,” साबिरा पायरीवरूनच म्हणाली. “चहा झाला का?”

“दोनदा झाला,” तुळशीराम म्हणाले.

“मग तिसरा आमच्याबरोबर. कीर्ती बेटा, या नवरीला जरा समजाव. माझं ऐकेल तर तिची पदवी परत घेतील.”

हिबा हसली. ती गोरी होती, डोळे घारे, आणि गालांवर जराशा उन्हानेही लाली चढायची. आज मात्र चेहऱ्यावर काहीतरी थापलेलं होतं. तिने पिशवीतून कापड काढून काउंटरवर पसरलं. पिस्ता रंगाचं जॉर्जेट, कडेला बारीक सोनेरी काम.

“मेहंदीसाठी, कीर्तीताई. ऑनलाइन मागवलं. यावर याच रंगाचा दुपट्टा पाहिजे आणि आतून अस्तर. आणि मेकअप असा.” तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. फोटोतल्या मुलीचे ओठ, गाल, कपडे, मागची भिंत, सगळं एकाच दुधात बुडवून काढल्यासारखं होतं. “आज ट्राय करून आलेय. कसं वाटतंय?”

“छान,” कीर्ती सवयीने म्हणाली.

“छान?” साबिरा म्हणाली. “अल्ला! कृष्णाच्या दुकानात उभं राहून छान म्हणतेस? त्या पोरीचा चेहरा कुठं गेला ते तरी विचार.”

“अम्मी, याला सॉफ्ट लुक म्हणतात.”

“आमच्या वेळी याला अशक्तपणा म्हणायचे. गोळ्या द्यायचे.”

बाहेर तुळशीराम खोकले. ते हसू लपवताना असेच खोकत.

“मावशी, पण पिस्ता नाहीये आत्ता,” कीर्ती म्हणाली. “हिरव्यातलं काहीच नाही. माल यायचाय.”

साबिराने मान वर केली. वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले तागे ओळीने पडले होते. उंदराने एका टोकाला कागद कुरतडला होता, तिथून गर्द हिरवं डोकावत होतं.

“मग वरती काय, सुकट वाळत घातलीय?”

कीर्तीने कात्री उचलून जागेवर ठेवली. ती जागेवरच होती.

साबिरा आवाज उतरवून म्हणाली, “असू दे. पहिलं हिला बाहेर घेऊन बघ तर. रंग नंतर बघू. कृष्णा काय करायची तेवढं कर.”

ते करायला हरकत नव्हती. कीर्तीने हिबाला पायरीवर आणलं, बोर्डाच्या सावलीच्या अलीकडे उभं केलं. तुळशीरामांनी खुर्ची सरकवून जागा दिली. कीर्तीने हिबाचं मनगट उलटं केलं. शिरा निळ्या, स्वच्छ. पिस्ता कापड तिच्या हनुवटीखाली धरून ती दोन पावलं मागे आली, रिक्षावाल्याने हॉर्न दिला म्हणून पुन्हा एक पाऊल पुढे.

मुलगी नव्हती. एक फिकट कापड होतं आणि त्याच्यावर घारे डोळे लटकत होते.

“मान बघ आणि चेहरा बघ,” कीर्ती म्हणाली आणि मोबाइलचा कॅमेरा हिबाकडे फिरवला. “फाउंडेशन किती नंबर वर घेतलंस?”

“दोन. तिथली मुलगी म्हणाली, फेअर आहात तर आणखी ब्राइट दिसाल.”

“तुझं गोरेपण गुलाबी आहे. त्याच्यावर पांढरं लावलंस की राख होते. मानेशी जुळेल ते घे, नाहीतर घेऊच नकोस.” ती बोलत होती आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येतोय असं तिला वाटत होतं. “ही लिपस्टिक पूस. आता ओठ दाताखाली धर आणि सोड. हा जो रंग आला ना, त्याच्या एक पायरी पुढची घ्यायची. विटकरी नको, तू तापलेली दिसशील. आणि काजळ काळंकुट्ट नको, तपकिरी घाल. तुझे डोळे काळ्याने बुजतात.”

हिबाने रुमालाने चेहरा पुसला. खालची लाली वर आली. साबिराने ओठ दाबून मान हलवली.

“आणि हे?” हिबाने पिस्ता कापडाकडे बघत विचारलं. ती रडवेली झाली होती. “परत होत नाही हे.”

“परत कशाला करतेस? अंगात असू दे. चेहऱ्याजवळ तेवढा—”

कीर्ती थांबली. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं आणि पुढचा रंगही ठाऊक होता. गर्द हिरवा दुपट्टा. दुसरं काही नाही.

“मावशी, समोरच्याकडे चांगला बॉटल ग्रीन मिळेल,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे जॉर्जेट आहे.”

“अम्मी, तुमच्याकडे होता ना तसला पीस?” हिबा म्हणाली. “ईदच्या साडीवर शिवणार होतात तो. तोच दाखवला असता. कृष्णामावशींना दिलात तो.”

साबिराने मुलीकडे असं बघितलं की हिबा गप्प झाली.

“आईला? आईला कशाला दिला?” कीर्तीने विचारलं. “तिनेच तर फाडून दिला असेल.”

“चल, आत बस,” साबिरा म्हणाली.

आत दोन स्टुलं होती. कीर्ती बसली नाही. साबिरा बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“तुला राग येईल म्हणून बोलले नव्हते. आमच्यात तुमचे रिवाज नाहीत आणि तुमच्या बायकांच्या मधे घुसून मी ते केलं. त्या दिवशी मी अंगणात आले तेव्हा नेसवून झालं होतं. रंग चुकला होता, बेटा.”

पाच महिन्यांत हे पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. कीर्तीने फळीला हात टेकला.

“सगळ्या म्हणत होत्या, तेज आहे, तेज आहे,” साबिरा म्हणाली. “मला वाटलं, या बायांना डोळे आहेत की बटणं? कृष्णा स्वतः बघती तर उठून बसली असती. म्हणाली असती, साबिरा, ही पोपटी कोनी आनली गं?”

“मी,” कीर्ती म्हणाली. “मी आणली. लाईटीत घेतली.”

“हं.” साबिराने नुसती मान डोलावली. “मग मी घरी पळत गेले. बॉटल ग्रीनचा तो पीस कपाटात तसाच होता, घडी न मोडलेला. तिनेच दिलेला. तुमच्या बायका ओटी भरत होत्या, प्रत्येकीच्या हातात एक एक ब्लाउजपीस, नारळ. मीही त्यांच्यात वाकले. हार सरळ करतेय असं करून तो पीस उलगडला आणि पदराच्या आतून गळ्याशी लावला. इथून इथपर्यंत.” तिने स्वतःच्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवलं. “हनुवटीखाली नीट खोचला. पोपटी खाली गेली. चेहऱ्याजवळ राहिला तो हिरवा.”

रस्त्यावर एसटी गेली.

“कुणी काही म्हणालं नाही?”

“तुझी आत्या बघत होती. मला वाटलं, आता हात धरते. तिने उलट माझ्या बाजूचं टोक आत सारलं.”

“मी आत होते तेव्हा.”

“तू आत होतीस.”

“मावशी,” कीर्तीने विचारलं, “मग कशी दिसत होती?”

साबिराने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले. ती जरा विचार करून म्हणाली, “दुकानात दिसायची तशी. आता चष्मा वर सरकवेल आणि मला काहीतरी बोलेल, असं वाटलं. मी दोन पावलं मागे येऊन बघितलं ना. आधी तीच दिसली.”

हिबा दारात उभी होती, पिस्ता कापड छातीशी धरून. ती हळूच आत आली आणि तिने स्टूल ओढून फळीखाली ठेवलं.

कीर्ती चढली. कागद सुटा करताना वाळवीच्या मातीसारखी धूळ खाली पडली आणि साबिरा शिंकली. एक एक करून तागे खाली आले. हिबा ते हातात घ्यायची आणि काउंटरवर ठेवायची: मेहंदी, शेवाळी, पोपटी. पोपटी कीर्तीने हातात जरा जास्त वेळ धरला आणि मग तोही खाली दिला. शेवटी जॉर्जेटचा बॉटल ग्रीन निघाला, आणि त्याच्या मागे रुबियाचा.

जॉर्जेटचा तागा घेऊन तिघी पुन्हा पायरीवर आल्या. कीर्तीने तो हिबाच्या डोक्यावरून घेतला, कानामागून पुढे आणला, पिस्ता कापडावर सोडला. दोन पावलं मागे आली. या वेळी रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी ती सरकली नाही.

घारे डोळे, चावून लाल झालेला खालचा ओठ, नाकाच्या शेंड्यावरची लाली. एक मुलगी उभी होती, पुढच्या महिन्यात जिचा निकाह होता आणि जी त्याला थोडीशी घाबरली होती. हे कीर्तीला आत्ताच पहिल्यांदा दिसलं.

“माशाल्ला,” साबिरा म्हणाली. “आता कशी माणसांत आलीस.”

“अम्मी!”

आत जाऊन कीर्तीने अडीच मीटर मोजलं. आई मोजून झाल्यावर वर चार बोटं सोडायची. तिने चार बोटं सोडली. जॉर्जेट कात्रीने कापलं, कारण जॉर्जेट फाडत नाहीत. मग तिने रुबियाचा तागा पुढे ओढला.

“हा कशाला?” साबिराने विचारलं.

“तुमची ईदची साडी तशीच आहे ना अजून?”

साबिरा नाही म्हणायला गेली आणि म्हणाली नाही.

कीर्तीने एक ब्लाउजपीस मोजला. पट्टी घेतली, मग पट्टी बाजूला ठेवली. कडेला कात्रीने बोटभर चीर दिली. दोन्ही हातांत दोन कडा धरल्या. क्षणभर तिला वाटलं, वाकडं जाईल. मग तिने ओढलं.

टर्र करून आवाज दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

बाहेर खुर्ची करकरली. तुळशीराम पायरीवर येऊन उभे होते, हातात चहाचा कागदी कप तसाच धरून. त्यांनी काउंटरवरच्या ताग्यांकडे बघितलं, मुलीच्या हातांकडे बघितलं.

“काय फाडलंस?”

“हिरवा, बाबा.”

लाल आणि निळ्यापलीकडचं ज्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं, ते तुळशीराम मग म्हणाले, “कुठला हिरवा?”

“थांबा,” कीर्ती म्हणाली, “आत नाही कळणार,” आणि तो तुकडा घेऊन ती त्यांच्याजवळ उजेडात गेली.